पेरायच्या शुभेच्छा

दिवाळी आटोपली की शुभेच्छापत्रांचे करायचे काय, हा मध्यमवर्गीय घरातला एक जुना पेच आहे. फेकवत नाहीत आणि ठेवायला जागा नसते. पंधरा दिवस ती शोकेसमध्ये उभी राहतात, मग टेबलाच्या खणात आडवी होतात आणि शेवटी रद्दीत जातात. त्यातही ज्यांच्यावर प्लॅस्टिकचा चकचकीत पापुद्रा असतो, त्यांना पाहून रद्दीवालासुद्धा नाक मुरडतो. लंडनच्या हेन्री कोल यांनी १८४३ साली नाताळचे कार्ड छापून शिलिंगाला एक असे विकायला काढले, तेव्हा पुढच्या पिढ्यांचे खण असे भरतील याची त्यांना काय कल्पना!

आता दुकानांतून या पेचाला एक उत्तर मिळू लागले आहे. बियांच्या कागदाची कार्डे! चिंध्या किंवा रद्दी भिजवून लगदा करायचा, त्यात तुळशीचे, झेंडूचे नाहीतर मोहरीचे बी मिसळायचे, जाळीवर पसरायचा आणि फार उष्णता न लावता वाळवायचा. बी सोडले तर कृती आपल्या ओळखीची. १९४० साली पुण्यात निघालेल्या हातकागद संस्थेत चिंध्यांचा कागद असाच होत असे. कार्ड वाचून झाले की ते भिजवावे, तुकडे करून कुंडीत ठेवावे, वर माती अगदी पातळ भुरभुरावी आणि ओल जाऊ देऊ नये. आठ-पंधरा दिवसांत कोंब दिसतात.

ही कार्डे लोक हौसेने का घेतात? पर्यावरणासाठी, असे आपण म्हणतो. मला ते पुरते पटत नाही. पाठकोऱ्या कागदावर चार ओळी लिहून धाडल्या तर नव्या कार्डाची गरजच काय? खरी गंमत निराळीच आहे. आपण पाठवलेली वस्तू दुसऱ्याच्या खिडकीत आपल्यामागे वाढत राहील, हा तो मोह!

मात्र या कार्डाची अट मोठी कठोर आहे, बरे का. जपून ठेवाल तर बी हळूहळू मरते. पेराल तर अक्षर जाते.

गेल्या दिवाळीत अण्णांनी मला असे कार्ड पाठवले. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यावर त्यांचा उजवा हात चालत नाही. डाव्या हाताने, मोठ्या वाकड्या अक्षरांत लिहिलेल्या त्या दोन ओळी! ते कार्ड माझ्याने पाण्यात घालवेना. फोनवर तसे म्हटले, तर अण्णा उसळलेच.

“अगं, ठेवायचं असतं तर साधं कार्ड पाठवलं नसतं का? पेर ते!”

मी पेरले. शाई पाण्यात पसरली, अक्षरे पुसट होत गेली आणि दोन ओळी कुठे संपल्या ते कळेनासे झाले. सहा रोपे उगवली, दोन जगली. मार्गशीर्ष उलटल्यावर त्यांवर झेंडू फुलला, तेव्हा अण्णांनी फोनवरून पाकळ्यांचा रंगही विचारून घेतला.

तेव्हा असे कार्ड घ्याल, तर आत बी कसले आहे ते दुकानदाराला विचारा. आपल्या हवेत रुजणारे असेल तेच घ्या. ज्यांना पाठवाल त्यांच्या घरी एखादी कुंडी आणि थोडे ऊन आहे ना, याचीही चौकशी करा. आणि खाली सहीजवळ स्वच्छ लिहा : हे जपून ठेवू नका.