पळी न घालता

आमच्याकडे माशाच्या कालवणात पळी घालत नाहीत. पातेल्याचे काठ फडक्याने धरायचे आणि हलकेच झोका द्यायचा. लहानपणी मी एकदा घाईत पळी फिरवली आणि सुरमईच्या तुकड्यांचे पापुद्रे रश्शात सुटून गेले. आई काही बोलली नाही, फक्त पळी हातातून काढून घेतली.

पापुद्रे सुटतात कुठे, ते बघण्यासारखं आहे. तुकडी नागमोडी पाकळ्यांची असते आणि कच्ची असताना दर दोन पाकळ्यांमध्ये कोलॅजनचा पांढुरका पडदा असतो. कोलॅजन म्हणजे तीन पेडांचा पीळ. असे पीळ शेजारी शेजारी लागले, की एक एन्झाइम त्यांतल्या लायसिनला जागं करतं आणि एकाची दुसऱ्याशी गाठ बसते. बोकडाच्या अंगात या गाठी वयाबरोबर पिकतात. म्हणून जून मटण तासभर रटरटलं तरी दाताशी भांडतं. माशाच्या गाठी थोड्या नि कच्च्या. त्याला स्वतःचा भार पेलावा लागतो कुठे, पाणीच त्याला तोलून धरतं, असं आपलं मला वाटतं. शिवाय त्याचा पीळही मुळात सैल. गुरांच्या कोलॅजनचा पीळ सुटायला 40 अंशांच्या आसपासची ऊब लागते, थंड समुद्रातल्या कॉडचा मात्र साधारण 15 अंशांनाच सुटतो. म्हणून कालवण तापलं, की पडदा विरघळतो आणि पाकळ्या सुट्या होतात. कातडीचं तर विचारूच नका. व्हिनेगरमध्ये असतं त्याच आम्लाच्या पातळ द्रावणात माशाची कातडी गारव्यात ठेवली, तर तिच्यातलं बरंचसं कोलॅजन विरघळून जातं. म्हाताऱ्या गुराचं चामडं त्याला दाद देत नाही.

मोरीची जात निराळी. शार्कच ती, तिच्या मांसात कोलॅजन सुरमईपेक्षा जास्त. मालवणी माणूस ‘मोरीचं मटण’ म्हणतो, ते उगाच नाही.

पण माझा जीव अडकतो तो दुसऱ्या दिवशीच्या कालवणात. रात्री डोक्याच्या आणि कातडीच्या तुकड्यांतलं कोलॅजन विरघळून झालेलं जिलेटिन सकाळी रस्सा थिजवून ठेवतं. पातेलं कलंडलं तरी तो जागचा हलत नाही, नुसता थरथरतो. आई त्यातला चमचाभर गरम भाकरीवर ठेवते आणि तो वितळताना बघत बसते.

आता तिची बोटं आखडलीत, पातेलं पेलत नाही. झोका मी देते. जरा जोरात गेला, की ती ओट्याशेजारच्या स्टुलावरून म्हणते, “अगं!”