दुसऱ्याच्या शेतातून चालताना

वाचनासाठी : अनुवाद २३:२४-२५, मार्क २:२३-२८



देवाची कृपा झाली आणि सगळं सुरळीत पार पडलं, तर यंदाच्या जूनमध्ये मी आणि आमचे मिस्टर स्वीडनला जाणार आहोत. मुलगी आणि जावई चार वर्षांपासून गोथेनबर्गला असतात. उपासनेनंतर ही बातमी मंडळीत कळली, तेव्हा प्रश्नांचा पाऊस पडला. थंडी किती असते? भात मिळतो का? महिला मंडळातल्या एका भगिनीने मात्र वेगळंच विचारलं, "अहो, एवढा खर्च करून तिथं बघायचं तरी काय?"

त्यांच्या बोलण्यात कुचकेपणा नव्हता. म्हणूनच तो प्रश्न माझ्या मनात राहिला. मिस्टरांनी उद्यमबागेतल्या फाउंड्रीत आयुष्य काढलं. निवृत्तीनंतर हाती आलेल्या पैशांतून आधी प्रभूचा वाटा काढला, मग औषधपाण्यासाठी बाजूला ठेवले आणि उरले त्यातून हा प्रवास ठरला. तरीही विश्वासणाऱ्या माणसाने सुट्टीसाठी एवढं लांब का जावं, याचं उत्तर माझ्याजवळ तयार नव्हतं. तयारी करता करता ते थोडं थोडं मिळत गेलं. तेच आज लिहिते.

पहिला धडा कागदांनी दिला. स्वीडन शेंगेन देशांपैकी एक. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि निदान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. फी माणशी ९० युरो. कमीत कमी ३०,००० युरोंचा आजारपणाचा विमा लागतो. राहणार कुठे, खर्च कोण करणार, परत कधी येणार, या सगळ्याचा पुरावा द्यावा लागतो. एवढं केल्यावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहायला मिळतं. बोटांचे ठसे द्यायला आम्ही बेंगळुरूला गेलो, तेव्हा मिस्टर रांगेत हळूच म्हणाले, "स्वर्गाच्या दाराशी एवढे कागद मागत नाहीत, हे बरं आहे."

सामानाचीही गंमत झाली. बेळगावहून जायचं म्हणजे कुंदा न्यायलाच हवा, असं मी धरून चालले होते. मुलीने फोनवर सांगितलं, "मम्मी, कुंदा आणू नकोस. बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपात आणता येत नाहीत." मग शेंगदाण्याची आणि लसणाची चटणी यादीत आली. पाहुण्याने काय आणायचं हेसुद्धा यजमानाच्या घरचा नियमच ठरवतो.

दिवस ठरवताना जावई म्हणाले, मिडसमर चुकवू नका. हा तिथला नाताळाइतकाच आवडता सण. पानाफुलांनी सजवलेल्या उंच खांबाभोवती लहानथोर फेर धरतात. नवे बटाटे, मुरवलेला हेरिंग मासा आणि स्ट्रॉबेरी असं जेवण असतं. गोथेनबर्गला तेव्हा सूर्य रात्री दहानंतर मावळतो आणि पहाटे चारच्या सुमारास पुन्हा हजर होतो. हा सण मुळात बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या जन्मदिवसाशी, २४ जूनशी, जोडलेला. आपल्या शेजारच्या गोव्यात त्याच दिवशी सांजांव करतात, डोक्यावर फुलांचे मुकुट घालून विहिरीत उड्या मारतात. स्वीडनने १९५३ पासून सणाचे दिवस शुक्रवार-शनिवारवर आणले. यंदा मिडसमरची संध्याकाळ १९ जूनला आहे. एकाच संदेष्ट्याच्या नावाने एकीकडे भर पावसात विहीर आणि दुसरीकडे न संपणारा उजेड! मला फार नवल वाटलं.

बाकीचा बेत साधाच आहे. गोथेनबर्गच्या दक्षिणेकडची बेटं पाहायची. तिथे मोटारी नाहीत आणि शहराच्या बसच्या तिकिटावरच बोटीने जाता येतं. वेटर्न सरोवराच्या काठी वाडस्टेनाला एक दिवस. आठ मुलांची आई असलेल्या बिर्गिताने (१३०३-१३७३) वैधव्यानंतर रोम आणि पवित्र भूमीपर्यंत प्रवास केला, तिचं हे गाव. मग उप्साला. आपले साधू सुंदर सिंग १९२२ साली स्वीडनला गेले, तेव्हा तिथल्या आर्चबिशप सॉदरब्लोम यांचे पाहुणे होते. जावयांनी अगदी उत्तरेकडच्या किरुनाचंही नाव काढलं. लोखंडाच्या खाणीमुळे तिथली जमीन खचते, म्हणून १९१२ सालचं अख्खं लाकडी चर्च ऑगस्ट २०२५ मध्ये उचलून, दोन दिवसांत पाच किलोमीटर दूर नेऊन ठेवलं! पण माझे गुडघे आणि आमचं पाकीट, दोघांनीही नको म्हटलं.

या सगळ्यापेक्षा माझं मन अडकलं ते एका शब्दात. 'अलेमान्सरेत्तेन', म्हणजे सर्व माणसांचा हक्क. स्वीडनचा दोन तृतीयांशांहून जास्त भाग जंगलाचा आहे आणि त्यातलं बरंचसं जंगल खासगी मालकीचं. तरीही तिथे कोणीही, अगदी परदेशी पाहुण्यानेसुद्धा, दुसऱ्याच्या मालकीच्या रानातून पायी चालावं, एखादी रात्र तंबू टाकावा, रानफळं आणि अळंबी गोळा करावी, याला मुभा आहे. ही जुनी रीत १९९४ पासून त्यांच्या राज्यघटनेतही लिहिलेली आहे. आपल्या खानापूरच्या रानात करवंदं-जांभळं पिकतात, तशी तिकडे जुलैच्या अखेरीस निळी बेरी पिकते, म्हणून आम्हीही तोवर राहणार आहोत.

या हक्काला दुसरी बाजूही आहे. उभ्या पिकातून जायचं नाही. कुणाच्या घराजवळ, अंगणात शिरायचं नाही. झाड तोडायचं नाही, कचरा टाकायचा नाही. राखीव उद्यानांचे नियम आणखी वेगळे. शाळेतल्या मुलांनाही हे दोन शब्दांत शिकवतात : त्रास नको, नासधूस नको.

मुलीने हे वाचून दाखवलं, तेव्हा मी लगेच पवित्र शास्त्र उघडलं. अनुवादाच्या तेविसाव्या अध्यायात हेच तर आहे! शेजाऱ्याच्या द्राक्षमळ्यात गेलास तर पोटभर खा, पण टोपलीत भरू नकोस. त्याच्या उभ्या पिकात गेलास तर हाताने कणसं मोड, पण विळा लावू नकोस. देवाने एकाच दमात दोघांना सांगितलं. मालकाला सांगितलं, वाटसरूला हाकलू नकोस. वाटसरूला सांगितलं, मालकाला लुबाडू नकोस. हात चालेल, विळा चालणार नाही.

आता मार्काच्या दुसऱ्या अध्यायातली गोष्ट पाहा. शब्बाथ दिवशी प्रभू शेतांमधून चालला आहे आणि शिष्य कणसं मोडत आहेत. परूश्यांनी आक्षेप घेतला तो शब्बाथाचा. दुसऱ्याच्या शेतातली कणसं का घेतली, असं त्यांनीही विचारलं नाही, कारण तेवढा हक्क नियमशास्त्रानेच दिला होता. ते शेत कोणाचं होतं, हे शुभवर्तमान सांगत नाही. विसाव्याच्या दिवशी आपला प्रभू मित्रांबरोबर कुणाच्या तरी शेतातून चालत होता, हे मात्र सांगतं. "बघायचं काय?" या प्रश्नाचं उत्तर मला इथे मिळालं. जे आपल्या मालकीचं नाही आणि कधी होणारही नाही, त्यातून आनंदाने, हळुवार पावलांनी चालून यायचं. सुट्टी याहून वेगळी काय असते?

पण वाचकहो, वचन एवढ्यावर सोडत नाही.

माझं माहेर निपाणीजवळच्या एका खेड्यातलं. तंबाखूची जमीन. माझा सख्खा भाऊ आणि चुलतभाऊ शेजारी शेजारी कसतात. भावाच्या शेतात जायची वाट चुलतभावाच्या रानातून जाते. तीन वर्षांपूर्वी भावाचा ट्रॅक्टर वळताना त्याच्या उभ्या पिकात गेला. शब्दाला शब्द वाढला आणि दुसऱ्या दिवशी वाटेवर बाभळीचे काटे पडले. प्रकरण तहसीलला गेलं. दोघेही एकाच मंडळीतले, एकाच प्रभुभोजनात सहभागी होणारे, पण एकमेकांना सलाम करत नव्हते.

लेंटमध्ये माहेरी घरसभा होती, तेव्हा मी दोन्ही वचनं वाचली आणि स्वीडनची ही रीत सांगितली. कोणाचं नाव घेतलं नाही. भाऊ बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हंजे आक्का, तिकडं वाटंला काटं लावत न्हाईत व्हय?"

मी म्हटलं, "नाही लावत. आणि पिकातनं ट्रॅक्टरही घालत नाहीत."

तो हसला नाही. पण पुढच्या आठवड्यात चालत चुलतभावाच्या दारात गेला आणि पिकाच्या नुकसानीबद्दल बोलला. चहा झाला की नाही, ते मला कोणी सांगितलं नाही. आता काटे एका बाजूला सारले आहेत, माणूस आणि बैल जाईल इतकेच. "चालत जा, ट्रॅक्टर नको," असं तो म्हणाला म्हणे. ट्रॅक्टर अजून लांबच्या पाणंदीने वळसा घालून जातो. तहसीलमधली तारीखही चालूच आहे. माणसाला वाट मिळाली, पण यंत्राला अजून नाही. मोशेच्या नियमशास्त्रात हात आणि विळा यांच्यात जी रेघ होती, तीच आमच्या बांधावर येऊन थांबली आहे. तेवढ्यासाठीही मी प्रभूचे आभार मानते.

आपण सीमाभागातली माणसं. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हापासून रेघ कुठून जावी, हे आपल्या घराघरांत बोललं जातं. तो प्रश्न आज मी सोडवायला बसलेली नाही. पण लेवीय २५:२३ मध्ये देव इस्राएलाला सांगतो की जमीन माझी आहे, तुम्ही माझ्याजवळ राहणारे परके आणि उपरे आहात. सातबारा ज्याच्या नावावर आहे तोही पाहुणा आणि वाटेने जाणाराही पाहुणाच. एका पाहुण्याने दुसऱ्या पाहुण्याच्या वाटेवर काटे टाकावे हे शोभत नाही, आणि त्याच्या ताटातलं उपसून घ्यावं हेही शोभत नाही.

तुम्ही या सुट्टीत स्वीडनला जाल किंवा आंबोलीला जाल, किंवा गावी जाऊन चार दिवस राहाल. कुठेही गेलात तरी हात न्या, विळा घरी ठेवा. आणि निघण्याआधी एकदा पाहा, आपल्या हद्दीत कोणाची वाट अडलेली तर नाही ना? निदान माणूस जाईल एवढी तरी मोकळी करून निघा.

प्रार्थना : हे प्रभू, पृथ्वी आणि तिच्यावरचं सर्व काही तुझं आहे. दुसऱ्याच्या भूमीवर चालताना आमची पावलं जपून पडोत, आणि आमच्या भूमीवरून चालणाऱ्याला आमच्यामुळे काटा न बोचो. ज्या भावांमध्ये अजून अर्धीच वाट मोकळी झाली आहे, त्यांची उरलेली वाट तू मोकळी कर. येशूच्या नावाने मागतो. आमेन.