पोचपावतीची वाट

आमच्या लालबागला रस्ता खणला गेला नाही असं एक वर्ष मला आठवत नाही. खणलं की पाणी, फोन, नेट यांपैकी काहीतरी जाणार, हे ठरलेलंच! पण २४ फेब्रुवारी २०२१ ला असल्याच खोदकामाने नॅशनल स्टॉक एक्सचेंजचे व्यवहार चार तास ठप्प झाले होते, आठवतंय?

एनएसईचं मुख्य डेटा सेंटर बीकेसीला, जवळची राखीव साइट कुर्ल्याला, लांबची चेन्नईला. बीकेसी आणि कुर्ल्याच्या मधल्या रस्त्याच्या खोदकामामुळे दोन वेगवेगळ्या टेलिकॉम कंपन्यांच्या जोडण्या डळमळल्या. त्यात बीकेसीचीच स्टोरेज यंत्रणा अडकली, जोखीम तपासणारी प्रणाली गेली आणि ११:४० ला व्यवहार थांबवावे लागले. पुन्हा सुरू झाले ते पावणेचारला. म्हणजे आधाराला ठेवलेल्या साइटची वाट बिघडली आणि आडवी झाली मुख्य साइट...

जवळची साइट ठेवतात ती एकही नोंद हरवू नये म्हणून. सिंक्रोनस रेप्लिकेशनमध्ये पहिला सर्व्हर नोंद लिहितो, दुसऱ्याला पाठवतो आणि त्याची पोचपावती आल्याशिवाय 'झालं' म्हणत नाही. चेन्नई हजारेक किलोमीटरवर. फायबरमधून प्रकाशालासुद्धा जाऊन-येऊन १० मिलिसेकंद लागतात, म्हणून प्रत्येक नोंदीला तिकडची वाट बघणं परवडत नाही. कुर्ला परवडतं.

आता खरा प्रश्न. पावती आलीच नाही तर?

पोस्टग्रेस हट्टी आहे. ते थांबूनच राहतं, सगळं लेखन लटकतं. मायएसक्यूएलचं सेमी-सिंक मूळ सेटिंगमध्ये १० सेकंद थांबतं आणि मग गुपचूप एकट्याने पुढे चालू लागतं. मला विचाराल तर पैशाच्या नोंदींना हट्टीपणाच बरा. हजेरीपटाला कशाला हवाय? पोस्टग्रेसमध्ये दोन राखीव सर्व्हर देऊन 'कुठल्याही एकाची पावती चालेल' असं सांगता येतं. सेटिंग एका ओळीचं. पण दोघांच्या केबली एकाच चरातून जात असतील, तर एकाच जेसीबीला दोन्ही सापडणार!

आमच्या परळच्या ऑफिससाठी मी दोन्ही कंपन्यांकडे केबलच्या मार्गाचा नकाशा मागितलाय. एकाने लगेच पाठवला. दुसरा म्हणतो, "सर, ते कॉन्फिडेन्शियल असतं." असो. सोमवारी पुन्हा फोन करतो.