जखम, जेल आणि स्टेम सेल

मधुमेही पायाच्या जखमा मी रोज पाहतो. मोबाइलवरची जाहिरात पुढे करून नातेवाईक विचारतात, “डॉक्टर, हे स्टेम सेलचं जेल लावलं तर बाबांचा पाय वाचेल का?” त्यामागची धास्ती मला समजते. बोट काढावं लागेल असं कुणीतरी सांगितलेलं असतं आणि लाखभर रुपयांची जुळवाजुळव सुरू झालेली असते. म्हणून आज यावर थोडं सविस्तर.

सब्जा पाण्यात भिजवला की दाण्याभोवती बुळबुळीत आवरण येतं. ते नैसर्गिक हायड्रोजेलच! लांबलचक रेणूंचं जाळं आणि त्यात अडकलेलं भरपूर पाणी. मऊ कॉन्टॅक्ट लेन्सही हायड्रोजेलच्याच असतात.

‘जखम उघडी ठेवा, वाळू द्या’ असं आपल्याकडे घरोघरी सांगतात. १९६२ मध्ये जॉर्ज विंटर यांनी डुकरांवरील प्रयोगात दाखवलं, की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी त्वचा उघड्या जखमेपेक्षा जवळपास दुप्पट वेगाने येते. साधं हायड्रोजेल ड्रेसिंग कोरड्या जखमेला हाच ओलावा देतं. खूप पाणी किंवा पू येणाऱ्या जखमेला मात्र ते योग्य नाही.

मग त्यात स्टेम सेल, म्हणजे मूळपेशी, कशासाठी? मधुमेही जखमेत रक्तपुरवठा कमी पडतो, सूज रेंगाळते आणि भरून येण्याचं काम मध्येच अडकतं. चरबीतून किंवा अस्थिमज्जेतून घेतलेल्या मूळपेशी असे रासायनिक संदेश सोडतात, की नव्या रक्तवाहिन्या फुटाव्यात आणि सूज ओसरावी. त्या स्वतःच त्वचा बनतात असा समज आहे. प्रत्यक्षात त्यांचं मुख्य काम मुकादमाचं. पण नुसत्या सुईने सोडल्या तर बऱ्याचशा पेशी काही दिवसांतच मरतात किंवा वाहून जातात. जेल त्यांना ओलावा देतं आणि जागेवर धरून ठेवतं.

हे माणसांवर तपासलं गेलंय का? हो. कोरियातला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. विश्लेषणातल्या ३९ रुग्णांपैकी पेशीयुक्त जेल लावलेल्यांच्या ८२ टक्के जखमा १२ आठवड्यांत पूर्ण भरल्या. पेशींशिवाय उपचार झालेल्यांत हे प्रमाण ५३ टक्के होतं. आकडे उमेद देणारे आहेत, पण रुग्ण थोडे आहेत. आणि मला तो दुसरा आकडाही महत्त्वाचा वाटतो: नीट काळजी घेतली तर पेशींशिवायही निम्म्याहून अधिक जखमा भरल्या!

भारतातल्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार मंजुरी नसलेले स्टेम सेल उपचार फक्त परवानगी मिळालेल्या चाचणीतच देता येतात. त्यामुळे कुणी असा उपचार सुचवला तर आधी विचारा: चाचणीचा नोंदणी क्रमांक काय? एथिक्स कमिटीची मंजुरी आहे का? आणि चाचणी असेल तर माझ्याकडून पैसे का घेता?

तोवर हाताशी आहे ते सोडू नका. साखर आटोक्यात ठेवा. जखमेवर भार पडू नये म्हणून सांगितलेली पादत्राणं घरातही वापरा. पायाचा रक्तप्रवाह तपासून घ्या, मृत भाग वेळच्या वेळी काढून घ्या, तंबाखू सोडा. जखम काळी पडली, दुर्गंधी आली किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. पाय वाचवण्यात या गोष्टींचा वाटा आजही सर्वांत मोठा आहे.