शाकारलेली होडी

होडी घेतली 28 मेला. 1 जूनपासून मासेमारी बंद. म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची होडी घेतल्यावर ती वापरायला माझ्याकडे चार दिवस होते. त्यातले दोन तिला घरी आणण्यात गेले, तिसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं आणि चौथ्या दिवशी माझी हिंमत झाली नाही.

"पावसाच्या तोंडावर होडी घेणारा तू पहिलाच," शेजारचे काका म्हणाले. ते हसत होते, पण चुकीचं बोलत नव्हते. मे संपताना जुनी होडी स्वस्त मिळते, त्याचं कारणच हे. विकणाऱ्याला ती दोन-अडीच महिने सांभाळायची नसते. ती ओढून वर घ्या, शाकारा, उंदरांपासून आणि उधाणापासून जपा. हा सगळा त्रास तो किमतीतून वजा करतो आणि आपल्या गळ्यात घालतो. मला ती 85 हजारांत मिळाली. फायबरची, वीस फुटी, तळाला दोन ठिकाणी तडे, सोबत जुनं आउटबोर्ड इंजिन. पन्नास हजार माझे साठवलेले. उरलेल्यासाठी आईच्या पाटल्या गहाण पडल्या. व्याज जूनपासून सुरू झालं. व्याजाला पावसाळा नसतो.

आमचं गाव सव. महाडच्या जवळ, सावित्रीच्या काठावर. नाव ऐकलं असेल तर गरम पाण्याच्या कुंडांमुळे ऐकलं असेल. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, घाट उतरून पोलादपूर, महाड करत आमच्याकडे येते आणि पुढे बाणकोटला समुद्राला मिळते. इथे ती नदी आहे की खाडी, हे तुम्ही दिवसातल्या कोणत्या वेळी बघता त्यावर ठरतं. समुद्र इथून बराच लांब आहे, तरी भरतीचं पाणी महाडपर्यंत चढतं. ओहोटीला काठावर चिखल उघडा पडतो आणि त्यावर मगरी ऊन खात पडतात. बाहेरच्यांना हे खोटं वाटतं. आम्हाला त्यात विशेष काही वाटत नाही.

होडी मी खाडीच्या तोंडाकडच्या एका गावातून घेतली. विकणाऱ्याचा पुतण्या सोबत आला. भरती धरून निघालो, म्हणजे पाणीच आम्हाला आत ढकलत होतं. आंबेतच्या पुलाखालून गेलो, मग दासगाव आलं. एकेकाळी या पट्ट्यात नदी हाच रस्ता होता. 1927 च्या डिसेंबरात डॉ. आंबेडकर महाडच्या परिषदेला आले, तेही मुंबईहून बोटीने दासगावला उतरून. शाळेत चवदार तळ्याचं सगळं शिकलो होतो, पण ते आमच्याच नदीने आले हे त्या दिवशी होडीत बसल्यावर खऱ्या अर्थाने डोक्यात शिरलं. आता त्या पाण्यावर आमच्याशिवाय कोणी नव्हतं. वर महामार्गावर गाड्यांची रांग आणि खाली आमच्या इंजिनाची फटफट.

सवला पोचलो तेव्हा काठावर पोरं जमली होती. आई आली. काका आले. बाबा आले नाहीत.

बाबांबद्दल सांगावं लागेल. माझ्या लहानपणी आमच्याकडे लाकडी होडी होती. बाबा रात्री जाळं टाकायचे आणि पहाटे बोय, कोलंबी, नशीब असेल तर एखादा जिताडा घेऊन यायचे. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाड-पोलादपूरच्या मधला इंग्रजांच्या काळातला पूल पुरात वाहून गेला. दोन एसटी गाड्या आणि एक मोटार अंधारात सरळ नदीत गेल्या. पुढचे कित्येक दिवस शोध चालू होता. मोठ्या यंत्रणा आल्या, बोटी आल्या, हेलिकॉप्टर आलं. आणि खाली खाडीकडे, जिथं जिथं पाणी वळतं आणि काही अडकू शकतं, अशा जागा ठाऊक असलेली आमच्यासारखी माणसंही गेली. बाबा गेले. चौथ्या दिवशी परत आले ते कुंडावर जाऊन बसले आणि अंधार पडेपर्यंत उठले नाहीत. काय दिसलं हे त्यांनी आईलाही सांगितलं नाही. गणपती झाल्यावर होडी विकली. पुढच्या पावसाच्या आत नवा पूल उभा राहिला, गाड्या धावायला लागल्या. बाबा मात्र पाण्यावर गेले नाहीत. ते कंपनीत वॉचमन म्हणून लागले. पुढे मीही कंपनीतच लागलो, कंत्राटी. कंत्राट संपलं तेव्हा मी होडी घेतली. त्यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर ते नको म्हणाले असते आणि मग मला ती घेता आली नसती.

त्यामुळे जूनमध्ये घरात दोन गोष्टी होत्या ज्यांच्याकडे कोणी थेट बघत नव्हतं. एक, ओटीवर गोणपाटात गुंडाळलेलं इंजिन. दुसरी, माझी आणि बाबांची अबोल्यासारखी शांतता.

मी मोबाइलवर होडी दुरुस्तीचे व्हिडिओ बघायला लागलो. बहुतेक सगळे थंड देशांतले. तिकडे हिवाळ्यात पाणीच गोठतं. फिनलंड आणि स्वीडनच्या मधल्या समुद्राच्या फाट्यावर दरवर्षी बर्फ धरतो. माणसं शरदातच होड्या बाहेर काढतात, इंजिनातलं पाणी काढून टाकतात, होडीला पांढरं प्लास्टिक गुंडाळतात आणि वसंताची वाट बघतात. एक म्हातारा गॅरेजमध्ये हीटर लावून होडीला पॉलिश करत होता, बाहेर बर्फ. मला तो एकदम ओळखीचा वाटला. त्याचा बर्फ तो आमचा पाऊस. फरक इतकाच, की त्याचं पाणी हिवाळाभर जागच्या जागी थांबतं. आमचं पाणी होडी शोधत वर येतं.

दुसरा फरक रेझिनचा. तडे बुजवायला फायबरची मॅट आणि रेझिन लागतं, आणि ते दमट हवेत नीट धरत नाही. जूनच्या कोकणात कोरडी हवा कुठून आणायची? पहिलं ठिगळ मी घाईत लावलं. आठवड्याने नखाने उचकटलं तर पापुद्र्यासारखं निघून आलं. चारशे रुपयांचं सामान वाया. दुसऱ्या ठिगळासाठी मी थांबलो. जूनच्या शेवटी तीन दिवस ऊन पडलं तेव्हा तळ घासला, घरातला टेबल फॅन लांब वायरवर लावून सुकवला आणि मग रेझिन चढवलं. ते बसलं. एवढं एक काम नीट व्हायला महिना गेला. आठवड्यातून एकदा इंजिन अंगणात काढायचं, गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून पाच मिनिटं चालवायचं, म्हणजे आतलं मीठ धुऊन जातं. त्या पाच मिनिटांत आख्ख्या आळीला कळायचं की मी अजून बेकार आहे.

"इंजिन काढून नुसत्या वल्ह्यावर का जात नाहीस?" एका मित्राने विचारलं. प्रश्न बरोबर होता. राज्यातली बंदी 1 जून ते 31 जुलै, ती यांत्रिक होड्यांना. बिनयांत्रिक होडीला तो नियम लागत नाही. पण नदीला कायदा माहीत नसतो. त्या दिवसांत सावित्री लाल होऊन, झाडांचे ओंडके घेऊन येते. शिवाय मासळीचाही तो स्वतःचा हंगाम. पहिल्या पावसात वलगण लागली तेव्हा मी टॉर्च घेऊन शेतात गेलो होतो. नदीतले मासे अंडी घालायला ओढ्यांतून, बांधांवरून वर चढत होते. पोटं गाभोळीने फुगलेली. हाताने धरता येत होते. दरवर्षी हसत हसत टोपली भरतो, या वर्षी थोडेच घेतले. तेच मासे नंतर माझ्या जाळ्यात यायचे आहेत, हा हिशोब होडी घेतल्यावर डोक्यात आपोआप सुरू झाला होता.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी मी होडीवरची ताडपत्री नीट करत होतो. मागून आवाज आला, "दोर आखूड बांधलायस."

बाबा. छत्री घेऊन, होडीपासून दहा पावलांवर उभे.

"घट्ट बांधलाय. वाहून जायला नको."

"पाणी चढलं का होडी उचलायला दोर सैल लागतो. आखूड असला तर ती जागच्या जागी बुडंल." मग थोड्या वेळाने, "आणि बूच कुठंय?"

बूच म्हणजे होडीच्या मागच्या बाजूला तळाशी असलेल्या भोकाचं. जमिनीवर ठेवलेल्या होडीचं बूच काढून ठेवतात, म्हणजे आत साचलेलं पावसाचं पाणी निघून जातं. पण नदीच वर आली तर त्याच भोकातून पाणी आत शिरतं. म्हणजे बूच काढलेलंही हवं आणि वेळेवर लावलेलंही हवं. होडी कितीही शाकारली तरी पावसाळाभर कुणाला तरी तिच्यावर नजर ठेवावीच लागते.

"घरात आहे," मी म्हणालो. "खिळ्याला टांगलंय."

बाबा काही बोलले नाहीत. निघून गेले.

महाडच्या माणसाला पुराची रेघ विचारावी लागत नाही. 22 जुलै 2021 ला महाबळेश्वरावर 24 तासांत 590 मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळला. महाडच्या बाजारपेठेत पाणी पहिल्या मजल्याला लागलं. त्याच दिवशी आमच्याच तालुक्यात तळियेवर दरड आली आणि वाडीच गेली. तेव्हापासून घाटावर जोराचा पाऊस लागला की इथं कोणी नीट झोपत नाही. वरून पूर आणि खालून उधाणाची भरती एकाच वेळी आली, तर नदीला जायला जागाच उरत नाही.

त्या जुलैतही एक रात्र तशी आली. मोठा पूर नव्हता, पेपरात यावा असा तर नाहीच. मी संध्याकाळीच महाडला आत्याकडे गेलो होतो, तिच्या दुकानातला माल माळ्यावर चढवायला. अकराच्या सुमारास घरी फोन केला. आई म्हणाली, पाणी चिंचेपर्यंत आलंय. होडी चिंचेच्या जरा वरच होती. मी निघालो, पण रस्त्यावर गुडघाभर पाणी आणि पोलीस पुढे सोडेनात. पुन्हा आईला फोन केला, "बूच. खिळ्यावरचं बूच." ती म्हणाली, "खिळ्यावर नाय ते."

पहाटे पाणी ओसरल्यावर घरी पोचलो. होडी होती. जिथे ठेवली होती तिथून चारेक हात सरकलेली, तिरकी, पण कोरडी. दोर सैल केलेला. बूच घट्ट बसवलेलं. ताडपत्री नदीने नेली होती. बाबा ओटीवर चहा पीत होते. कमरेखाली सगळे चिखलाने भरलेले.

"अंधारात गेलात? मगरी असतात पुरात."

"असतात," ते म्हणाले.

आईने नंतर सांगितलं. बूच आठ-दहा दिवसांपासून त्यांच्याच खिशात होतं. कामावर जातानाही.

31 जुलै संपला. बंदी उठली. मी तरीही थांबलो, कारण एवढं थांबल्यावर नारळी पौर्णिमेआधी होडी पाण्यात घालायची माझी छाती नव्हती आणि आईनेही घालू दिली नसती. पौर्णिमेला आईने होडीच्या नाळेला हळद-कुंकू लावलं, नारळ नदीला दिला. काकांनी आणि पोरांनी होडी ढकलली. बाबा काठावर होते. दोर त्यांनी सोडला. मी एकदा म्हणून बघितलं, "येता?" त्यांनी मान हलवली, नाही अशी. मी पुन्हा विचारलं नाही.

तासाभरात परत आलो. ठिगळ टिकलं होतं. इंजिन दोनदा बंद पडलं, दोनदा चालू झालं. जाळ्यात सात बोय आणि एक चिंबोरी. त्या दिवसाचं पेट्रोलसुद्धा सुटलं नाही. पाटल्या अजून सुटायच्या आहेत. फार वेळ लागेल असं दिसतंय.

बाबांनी टोपलीत डोकावून बघितलं, दोन बोय उचलले आणि पाटावर बसून स्वतः साफ करायला घेतले. किती वर्षांनी, ते मी मोजलं नाही. खवले काढता काढता मान वर न करता त्यांनी विचारलं, "उद्याची भरती कितीला?"

भरतीचं गणित तिथीवरून तोंडपाठ असलेला माणूस मला विचारत होता. मी मोबाइल काढला, वेळ बघितली आणि सांगितली.

"मग चारला उठ," ते म्हणाले. "मी दोर सोडायला येतो."