विरजणाचा विषय आणि पुरणाचा विषय



माझी लेक बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. या सत्रात तिला भौतिकशास्त्र आणि सेंद्रिय रसायनशास्त्र असे दोन अवघड विषय एकदम आले. पहिल्या चाचणीत एकात 20 पैकी 11, दुसऱ्यात 13. घरात लगेच सल्ले सुरू झाले. "पोरीनं एवढा जीव कशाला काढायचा? एक विषय बदलून घे म्हणावं." तिला मात्र पुढे एम.एस्सी. करायचंय आणि दोन्ही विषय हवे आहेत.

आम्ही दोघी कागद घेऊन बसलो. थिअरीच्या एका क्रेडिटला सत्रात 15 तास आणि प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला 30 तास. तिला दोन्ही विषयांत दोन-दोन क्रेडिट थिअरी आणि दोन-दोन क्रेडिट प्रॅक्टिकल आहे. म्हणजे एकूण 180 तास. पंधरा आठवड्यांत वाटले तर आठवड्याला 12 तास फक्त कॉलेजात. जर्नल आणि घरचा अभ्यास वेगळाच. तेव्हा पहिली गोष्ट ठरली: या दोन विषयांबरोबर तिसरं जड काही नको. गावातला कॉम्प्युटरचा क्लास परीक्षेनंतर.

मग तिला विचारलं, नेमकं अडतं कुठे? ती जे बोलली त्यावरून कळलं, की दोन्ही विषयांना सारखा वेळ देऊन भागणार नाही, कारण दोघांची मागणीच वेगळी आहे.

सेंद्रिय रसायन म्हणजे विरजण. रोज थोडं लावावं लागतं, आठवड्याचं एकदम लावून चालत नाही. त्यात इलेक्ट्रॉनची जोडी कुठून कुठे जाते ते वाकड्या बाणांनी दाखवतात. एसएन-टू नावाच्या अभिक्रियेत येणारा गट मागच्या बाजूनं धडकतो आणि रेणूची रचना वाऱ्यानं छत्री उलटावी तशी पालटते. वाचताना सगळं कळतं, चार दिवसांनी वही घेतली की बाण चुकतो. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं 1885 मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं, की पाठ केलेलं सुरुवातीला फार झपाट्यानं विसरतं आणि उजळणी दिवसांवर विभागून केली तर कमी कष्टात लक्षात राहतं. म्हणून ती रोज रात्री अर्धा तास पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर अभिक्रिया लिहिते, मग पुस्तक उघडून ताडून बघते.

भौतिकशास्त्र म्हणजे पुरण. चुलीवर ठेवलं की मध्येच उठता येत नाही, खाली लागतं. गाउसच्या नियमाचं एक गणित घ्या. आधी आकृती काढायची, विद्युतभार कसा पसरलाय ते बघायचं, त्याला साजेसा पृष्ठभाग कल्पायचा, मग आकडेमोड. एकेका गणिताला चाळीस मिनिटं जातात. तेवढ्यात "जरा कुकर बंद कर गं" म्हटलं की धागा तुटतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तिचा हा तास पहाटे साडेपाच ते सात ठरला. त्या वेळात तिला कुणी हाक मारायची नाही, पाहुणे असले तरी.

प्रॅक्टिकल साडेपाचला सुटतं, घरी यायला सहा वाजून जातात. ऑक्टोबर लागला की दिवस लहान होतो, घरी येऊन सूर्यास्ताआधी जेवण होत नाही. म्हणून मी दुसरा डबा देते. प्रॅक्टिकल सुटलं की ती तिथेच जेवून घेते. घरी आल्यावर संध्याकाळ मोकळी मिळते, त्यात त्या दिवसाचं जर्नल त्याच दिवशी पुरं होतं. सत्राच्या शेवटी सह्यांसाठी ढीग साचत नाही.

खरी परीक्षा नात्यात झाली. पुतणीचं डोहाळजेवण प्रॅक्टिकल परीक्षेच्या आदल्या शनिवारी. आपल्याकडे चुलत बहिणी दोन दिवस आधीपासून राबतात. मी जाऊबाईंकडे जाऊन सांगितलं, "ताई, ती तासभर येईल, ओटी भरेल आणि जाईल. तिच्या वाटचं काम मी करते." त्या नाराज झाल्या. मी दोन दिवस आधी गेले, लाडू वळले. नाराजी अजून पूर्ण गेलेली नाही. ती जाईल सावकाश. परीक्षा मात्र थांबणार नव्हती.

दुसऱ्या चाचणीत 14 आणि 16 मिळाले. फार मोठी उडी नाही, पण ती रात्री साडेदहाला झोपते आणि तिचं जेवणही वेळेवर होतं. यातलं काही बिघडलं असतं तर मीच तिला पुढच्या सत्रात भार कमी कर म्हटलं असतं.

तुमच्या घरी असं कुणी शिकत असेल, लेक असो की सून, तिला एवढंच विचारा: तुझा पुरणाचा तास कोणता? तेवढ्या वेळात कुकर आपण बंद करू.