न सुटलेली होडी

मुलांनो, सहलीचा बेत ठरला, सामान बांधून झाले आणि ऐन वेळी कोणी म्हणाले, ‘आज जायचे नाही,’ तर तुम्हांला राग येतो ना? मलाही एकदा असाच राग आला होता. त्या रागाची आठवण झाली की आजही मला लाज वाटते. तीच आठवण तुम्हांला सांगते.

ही गोष्ट नोव्हेंबर २००९ मधली. मी तेव्हा आठवीत होते. अब्बांना दोन दिवसांची रजा मिळाली होती. अम्मी, अब्बा, माझा धाकटा भाऊ आणि मी असे चौघे एस.टी.ने मुंबईहून मुरुडला खालाच्या घरी गेलो. रायगड जिल्ह्यातले मुरुड तुम्ही पाहिले आहे का? समुद्रकिनारी सुरूची झाडे, नारळ-सुपारीच्या वाड्या आणि त्यांत लपलेली कौलारू घरे! पण माझे सारे लक्ष होते जंजिऱ्याकडे. ‘जझीरा’ म्हणजे बेट, हे तुम्हांला ठाऊकच आहे. याच अरबी शब्दापासून या किल्ल्याचे नाव पडले. चारी बाजूंनी समुद्र आणि मध्ये सिद्दींचा तो अजिंक्य किल्ला. तिथली कलालबांगडी नावाची प्रचंड तोफ पाहून येईन, असे मी मैत्रिणींना मोठ्या ऐटीत सांगितले होते.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे ११ नोव्हेंबरला, सकाळीच आम्ही राजपुरीच्या बंदरावर पोहोचलो. किल्ल्यावर जाणाऱ्या शिडाच्या होड्या तिथूनच सुटत. आकाश भरून आले होते, वाराही सुटला होता. पण किल्ला समोर स्पष्ट दिसत होता. हात लांब केला तर लागेल, इतका जवळ!

बंदरावर मात्र वेगळीच धावपळ चालली होती. माणसे होड्या किनाऱ्यावर ओढून घेत होती, दोर बांधत होती. पांढरी दाढी असलेले एक चाचा आपल्या होडीचे शीड गुंडाळत होते. होडीच्या मालकाला कोकणात ‘नाखवा’ म्हणतात. आपल्या उर्दूतला ‘नाखुदा’ तो हाच.

अब्बा म्हणाले, “चाचा, किल्ल्यावर जायचं आहे. उद्या आम्हांला परत निघायचं आहे.”

“आज होडी सुटणार नाही, साहेब. रेडिओवर वादळाचा इशारा आला आहे.”

“पण किल्ला तर इथेच आहे!” मी मध्येच बोलले.

आमच्याबरोबर आणखी काही प्रवासी उभे होते. त्यांच्यापैकी एक जण म्हणाला, “दुप्पट पैसे देतो.” चाचांनी नुसती मान हलवली. तेव्हा तो हसून म्हणाला, “एवढी वर्षं होडी चालवता आणि वाऱ्याला घाबरता?”

चाचा शांतपणे म्हणाले, “घाबरतो ना! इथून निघणं कठीण नाही. पण किल्ल्याच्या दरवाजाशी होडी लावायची कशी? लाट उचलून भिंतीवर आपटेल. या लेकराचा पाय होडीत आणि हात पायरीवर असताना लाट आली, तर मी काय करू?”

एवढे बोलून ते पुन्हा दूर समुद्राकडे पाहू लागले. ते सारखे तिकडे का पाहत होते, हे मी विचारलेसुद्धा नाही. मी पाय आपटत घरी आले आणि रुसून बसले. खालाने माझ्यासाठी तांदळाच्या भाकरी आणि माशांचे कालवण केले होते. मी जेवलेही नाही.

दुपार होता होता वारा पिसाळला. पाऊस आडवा येऊ लागला. वीज गेली. छपरावरची कौले पत्त्यांसारखी उडू लागली. वाडीतल्या उंच सुपाऱ्या वाकत होत्या आणि काडकाड मोडत होत्या. अब्बा आणि खालू दाराला पाठ लावून उभे राहिले. खाला दुआ पुटपुटत होती. भाऊ अम्मीला बिलगून रडत होता. मी मात्र एकच विचार करत होते : चाचा ‘हो’ म्हणाले असते, तर या क्षणी आम्ही कुठे असतो?

मागाहून कळले की त्या वादळाचे नाव होते ‘फयान’. वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटर झाला की हवामान खाते त्याला चक्रीवादळ म्हणते. फयानचा वेग त्याहून अधिक होता. त्या दिवशी दुपारी ते अलिबाग आणि मुंबई यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आले आणि मग ओसरले.

दुसऱ्या दिवशी रस्त्यावर झाडे पडल्यामुळे एस.टी. बंद होती. खालाने चहाची किटली भरून माझ्या हाती दिली आणि ती मला बंदरावर घेऊन गेली. तिथे पुष्कळ माणसे जमली होती. कोणीच बोलत नव्हते. चाचा कालच्याच कपड्यांत एका दगडावर बसले होते.

खाला हळूच म्हणाली, “त्यांचा मुलगा चार दिवसांपूर्वी मासेमारीला गेला आहे. फोन लागत नाही.”

माझ्या पोटात धस्स झाले. ज्याचा मुलगा त्याच समुद्रात होता, त्याने माझ्या पायाची आणि माझ्या हाताची काळजी केली होती! आणि मी त्याच्यावरच रुसले होते. मी चहा पुढे केला आणि कशीबशी म्हणाले, “चाचा, मला माफ करा.”

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. “किल्ला कुठे जातो, बेटी? दगडाचा आहे तो. पुढच्या वेळी ये.”

दुपारी एका दुकानदाराचा फोन वाजला. चाचांच्या मुलाच्या होडीने बाणकोटच्या खाडीत आसरा घेतला होता. जाळे कापून टाकावे लागले, पण माणसे सुखरूप होती. “अल्हम्दुलिल्लाह!” म्हणत चाचा मटकन खाली बसले. पण ते घरी गेले नाहीत. शेजारी एक कोळीण बसली होती. तिच्या नवऱ्याची होडी अजून आली नव्हती. चाचा तिच्यासोबत बसून राहिले. ती होडी तिसऱ्या दिवशी परतली. पण रत्नागिरी जिल्ह्यातले कितीतरी खलाशी त्या वादळातून परत आले नाहीत.

दोन वर्षांनी मी पुन्हा मुरुडला गेले आणि चाचांच्याच होडीतून जंजिरा पाहिला. तोफेवर हात ठेवला, तेव्हा मला तिच्यापेक्षा तो गुंडाळलेला शीडच अधिक आठवत होता.

पुढे ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. खालाची उरलीसुरली सुपारीची वाडी त्यात आडवी झाली. सुपारीचे नवे झाड फळ धरायला वर्षे लागतात. पण खाला फोनवर म्हणाली, “वाडी गेली, माणसं आहेत. इशारा आला होता. होड्या आधीच खाडीत आणून ठेवल्या होत्या.”

मुलांनो, तुम्हीही कधी समुद्रावर जाल. तेव्हा पाण्यात उतरण्याआधी तिथल्या नाखव्याला विचारा. बंदरावर धोक्याचा बावटा दिसला, तर हट्ट करू नका. दुप्पट पैशांचे आमिष तर मुळीच दाखवू नका. आणि तो ‘आज नाही’ म्हणाला, तर रागावण्याआधी त्याच्या डोळ्यांकडे एकदा पाहा. कदाचित तोही कोणाची तरी वाट पाहत असेल.